वाढत्या अंगाचा उन्हाळी फ्रॉक: माया ठेवायची, पण कुठे?

थोरलीसाठी शिवलेला माझा पहिला फ्रॉक तिने मोजून दोनदा घातला. दोन वर्षं तरी चालावा म्हणून मी तो सगळीकडूनच मोठा केला होता. गळा मोठा, खांदे मोठे आणि छातीत ढगळ. पोरगी लंगडी खेळायला निघाली की एक खांदा दंडावर घसरायचा. तो एका हाताने सावरत ती खेळायची. सासूबाईंनी अंगणातूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "काहून व, पोरीले फ्रॉक शिवला का उशीची खोय?" मग तो पेटीत गेला. दोन वर्षांनी बाहेर काढला तेव्हा मापाला अगदी बरोबर बसला, पण तोवर तिला त्यावरची बदकं आवडेनाशी झाली होती.

टीपेच्या पलीकडे, आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड राखतात त्याला आपण माया म्हणतो. त्या फ्रॉकला माया भरपूर होती, पण ती सगळी अंगावर लोंबत होती. आजचं माप आज नीट बसलं पाहिजे आणि उद्याचं कापड आत, दिसणार नाही असं दडलं पाहिजे. ते कुठे दडवायचं एवढं कळलं की बाकीचं शिवण सोपं आहे.

त्यासाठी पोर वाढते कशी ते बघा. साधारण चार ते दहा या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे दोन-सव्वादोन इंच उंच होतं. त्यातली बरीच वाढ पायांत जाते. फ्रॉकच्या उंचीला वर्षाला दीड इंचाच्या आसपास पुरतं. छाती वर्षाला इंचभर वाढते, खांदा तर त्याहून कितीतरी हळू. म्हणून गळ्याला आणि खांद्याला माया ठेवायचीच नाही. बगलेखालच्या टिपेत थोडी आणि खालच्या घेराच्या दुमडीत भरपूर ठेवायची.

खाली दिलेला फ्रॉक मी बिनबाह्यांचा निवडला आहे. छातीखाली संपणारा छोटा योक, म्हणजे छातीवर बसणारा वरचा भाग, त्याला चुण्यांचा घेर, आणि खांद्यावर झबल्यासारखे बांधायचे बंद. बंद असल्याने काज-बटण नाही, चेन नाही, आणि गळ्यातून डोकं जाईल का ही चिंता नाही. पहिल्यांदा शिवणाऱ्या बायांचं गाडं नेमकं या तीन ठिकाणी अडतं. योक कंबरेपर्यंत न आणता छातीखालीच थांबवण्यामागेही कारण आहे. कंबरेवर जोड घेतला तर पुढच्या वर्षी तो बरगड्यांवर चढतो आणि फ्रॉक आखूड झाल्याचं लांबून दिसतं. छातीखालचा जोड इंचभर वर सरकला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

कापड

आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की अंगाला सुतीशिवाय दुसरं सहन होत नाही. गंमत अशी की आजूबाजूला सगळी कपाशीची वावरं, आणि आठवडी बाजारात 'प्युअर कॉटन' म्हणून हातात पडतं ते अर्धं पॉलिस्टर. दुकानदाराला कडेचे दोन-चार धागे मागा आणि घरी चिमट्यात धरून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो आणि बोटाने चुरली जाणारी मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गुठळी होते. या परीक्षेतून रेयॉन मात्र निसटतं, कारण तेही कागदासारखंच जळतं. त्यासाठी धागा ओला करून ओढा. रेयॉनचा ओला धागा चटकन तुटतो, सुती धागा ओला झाल्यावर उलट जास्त ताण सोसतो. रेयॉन अंगाला गार लागतं हे खरं, पण कापताना ते सापासारखं सळसळत सरकतं. पहिल्या फ्रॉकला नको.

केंब्रिक किंवा पातळ पॉपलीन घ्या. ते कात्रीखाली शांत बसतं. नुसती मलमल एकपदरी पारदर्शक दिसते, पण अस्तराला तिच्यासारखी दुसरी नाही. त्याहूनही चांगलं म्हणजे घरातलं जुनं सुती पातळ. वर्षानुवर्षं धुऊन ते मऊ झालेलं असतं, त्याचा रंग जाण्याचा प्रश्न नसतो आणि ते पुरतं आटलेलं असतं. माझ्या धाकटीच्या दोन फ्रॉकना आजीच्या लुगड्याचं अस्तर आहे. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात खादी मिळते. तिच्या गारव्याची बरोबरी गिरणीचं कापड करत नाही. पण जाड खादीच्या चुण्या फुगतात आणि ती पहिल्या धुण्यात जास्त आटते, म्हणून ती हात बसल्यावर घ्या.

रंग फिका, पण पांढरा नको. आपली काळी माती पांढऱ्यावरून जन्मात जात नाही, आणि त्यावर आंब्याचा रस पडला की संपलंच. बारीक फुलांचं, वर-खाली नसलेलं प्रिंट नवशिक्याला सगळ्यात सोयीचं. तुकडा उलटा कापला गेला तरी कळत नाही. चौकडा घ्यावा का, तर त्यात सरळ कापायला रेघ आयती मिळते, पण बाजूच्या टिपेवर चौकोन जुळले नाहीत की ते डोळ्यांत खुपतं.

सात वर्षांच्या, २४ इंच छातीच्या मुलीला पावणेदोन मीटर कापड लागतं. ३६ इंच पन्ह्यातही (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी) बसतं, ४४ मध्ये खिशापुरतं उरतं. अस्तर घरातल्या पातळाचं वापरलं तर दीड मीटरमध्ये काम होईल. सुती दोऱ्याची एक रीळ आणि थोडा खडू, बाकी खरेदी नाही.

आणलेलं कापड कात्री लावायच्या आधी भिजवा. हे वाचून बहुतेक जणी "हो हो" म्हणतात आणि तसंच कापतात. सुती कापड मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटू शकतं. शिवल्यावर आटलं तर तुमच्या मायेतलाच वाटा जातो. दोन-तीन तास साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पिळू नका, तारेवर सरळ टाका. आपल्याकडच्या उन्हात अर्ध्या तासात खडखडीत वाळतं. किंचित दमट असतानाच इस्त्री केली तर सुरकुती राहत नाही. भिजवताना पाण्यात रंग उतरला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत बदला, नाहीतर पुढे अस्तरावर डाग पडेल.

माप

माप फ्रॉकवरून घेऊ नका, शमीजवर घ्या. टेप धरली की पोरी श्वास रोखून ताठ उभ्या राहतात. मी धाकटीला पाढे म्हणायला लावते, सातचा पाढा संपेपर्यंत तीन मापं होतात.

तीनच लागतात. छातीचं माप बगलेखालून, टेपमध्ये दोन बोटं सहज जातील असं. खांदा एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत. उंची मानेच्या बाजूला, जिथून बंद सुटेल तिथून गुडघ्याच्या खाली दोन बोटं. मी इथे छाती २४, खांदा १० आणि उंची २६ इंच धरून सांगते. तुमची मापं वेगळी असतील, तर एवढं लक्षात ठेवा: छातीत ४ इंच मिळवून येणाऱ्या आकड्याचा चौथा भाग करायचा, म्हणजे इथे २८ चा चौथा भाग ७. मुंढ्याची, म्हणजे हात बाहेर काढायच्या वळणाची खोली छातीचा चौथा भाग, म्हणजे ६. योकची उंची मुंढा अधिक २, म्हणजे ८. घेराची उंची पूर्ण उंचीतून योक वजा करून, म्हणजे १८.

ते ४ इंच ढिलेपण उन्हाळ्यासाठी आहे, वाढीसाठी धरू नका. कापड अंगापासून जरा सुटं राहिलं की आत वारा खेळतो आणि घामोळ्या कमी होतात.

कागदावर आखणी

थेट कापडावर आखू नका. जुन्या कॅलेंडरचं मोठं पान घ्या आणि उभं दुमडा, दुमड डाव्या हाताला ठेवा. आपण अर्धा योक आखतोय, उलगडल्यावर पूर्ण होईल.

दुमडीच्या वरच्या कोपऱ्यापासून आडवं पावणेतीन इंचावर खूण करा, ती गळ्याची कड. तिथून पुढे दीड इंच, म्हणजे कोपऱ्यापासून सव्वाचार इंचावर दुसरी खूण. या दोन खुणांमध्ये खांद्याची पट्टी. खांदा १० म्हणजे अर्धा ५, पण बिनबाह्यांच्या फ्रॉकला पट्टी पाऊण इंच आत घेतली की ती घसरत नाही. आता कोपऱ्यापासून दुमडीवर खाली ६ इंच मोजा आणि तिथून आडवी ७ इंचांची रेघ काढा. हा मुंढ्याचा तळ. आणखी दोन इंच खाली, ८ इंचांवर, पुन्हा ७ इंचांची आडवी रेघ, तो योकचा तळ.

गळ्याची खोली दुमडीवर पुढच्या बाजूसाठी ४ इंच, मागच्यासाठी अडीच. गळ्याच्या कडेपासून तिथवर गोल वळण द्या. मुंढ्याचं वळण जरा सांभाळून. सव्वाचारच्या खुणेपासून साधारण ४ इंच जवळजवळ सरळ खाली या, आणि मग बाहेर वळून ७ इंचांच्या टोकाला मिळा. वरपासूनच तिरकं आखलं तर बगलेत कापड गोळा होतं आणि पोर दिवसभर खाजवत बसते.

इथवर जी रेघ आखली ती टीपेची. आता तिच्याबाहेर मायेची दुसरी रेघ: गळा, मुंढा, पट्टीचं टोक आणि योकचा तळ यांना अर्धा इंच, बगलेखालच्या बाजूला पुरा एक इंच. दुमडीला काहीच नाही. मी एकदा घाईत दुमडीलाही अर्धा इंच लावला आणि गळा पसरट होऊन बसला. पुढचा आणि मागचा असे दोन कागद कापा आणि त्यांवर मोठ्या अक्षरात "पुढचा", "मागचा", तारीख आणि छातीचं माप लिहून ठेवा. पुढच्या वर्षी हाच कागद पाव पाव इंच वाढवून वापरता येतो.

कापणं

कापडाचा काठ म्हणजे उभा धागा. फ्रॉकची उंची नेहमी काठाच्या दिशेने घ्यायची. तिरकं कापलं तर दोन धुण्यांत फ्रॉक एका बाजूला ओढला जातो. दुकानातून आलेल्या तुकड्याची कड बरेचदा वाकडी असते. कडेला कात्रीने इंचभर कट मारून टरकन फाडा. सुती कापड आडव्या धाग्यावर सरळ फाटतं आणि तुम्हाला खरी सरळ कड मिळते.

आधी घेराचे दोन तुकडे काढा, प्रत्येक ३३ इंच रुंद आणि साडेबावीस इंच उंच. हे साडेबावीस कसे आले ते बघा: वर अर्धा इंच माया, १८ इंच दिसणारा घेर, आणि खाली ४ इंच. या चारांतला अर्धा इंच कड आत घ्यायला आणि साडेतीन इंचांची दुमड. तुमची खरी ठेव ती साडेतीन इंचांची. त्याहून जास्त ठेवू नका. मोह होतो, पण ६ इंचांची दुमड पातळ कापडाला खाली ओढते, आणि तोपर्यंत छातीतला फ्रॉक घट्ट झालेला असतो. दोन्हीकडची माया एकाच वेळी संपेल एवढीच ठेवायची.

मग कापड दुमडून योकचा पुढचा आणि मागचा भाग वरच्या कापडातून, आणि तसेच दोन अस्तरातून. घेराच्या बाजूला उरलेल्या पट्टीतून चार बंद, प्रत्येक २ इंच रुंद आणि ११ इंच लांब. ४४ चा पन्हा असेल तर सहा बाय साडेपाच इंचांचा एक खिसा. खिसा वगळू नका. "आई, मले खिसा पायजे" हे वाक्य मी प्रत्येक फ्रॉकला ऐकलं आहे. चिंचोके, काचेचे तुकडे, अर्धी कैरी, कायकाय निघतं त्यातून.

मशीनवर बसायच्या आधी

पायमशीन असेल तर भारनियमनाची फिकीर नाही, इस्त्री तेवढी वीज असताना उरकून घ्या. बसायचं सकाळी दहाच्या आत. टिनाच्या घरात दुपारी शिवायला बसलात तर कपाळाचा घाम थेट कापडावर पडतो. कूलरसमोर मशीन ओढलीत तर कागद उडतात आणि दमट हवेने डबीतल्या सुया गंजतात.

केंब्रिकला १४ नंबरची सुई, मलमलीला ११. तेल दिल्यावर आधी चिंधीवर हातभर टीप मारा, नाहीतर तेलाचा काळा डाग नेमका गळ्यावर उमटतो. चिंधीची खालची बाजू बघा. तिथे दोऱ्याची जाळी, सैल फासे दिसत असतील तर बॉबिनला दोष देऊ नका. नव्वद टक्के वेळा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. दाबणीचा पाय वर करून दोरा पुन्हा ओवा.

शिवण

बंद आधी करून ठेवा. पट्टीच्या दोन्ही लांब कडा मधल्या रेघेला मिळवा, मग मधोमध दुमडा. अर्ध्या इंचाची चौपदरी पट्टी होते. एक टोक आत घेऊन कडेला टीप मारा, दुसरं टोक तसंच राहू द्या.

आता पुढचा योक आणि त्याचं अस्तर सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवा. खांद्याच्या प्रत्येक पट्टीच्या टोकाला, दोन पदरांच्या मध्ये एक बंद घाला: उघडं टोक बाहेर, लांब भाग आत. तो लांब भाग गुंडाळून मध्यभागी टाचणीने लावून टाका. नाहीतर सुई त्याला पकडते, आणि योक उलटल्यावर बंद आतच शिवलेला निघतो. हे पहिल्यांदा सगळ्यांचं होतं. माझं तिसऱ्यांदाही झालं.

एका बगलेपासून टीप सुरू करा. मुंढ्याचं वळण, पट्टीची बाजू, पट्टीचं टोक, गळा, दुसरी पट्टी, दुसरा मुंढा आणि दुसरी बगल, सलग. कोपऱ्यावर सुई कापडात खुपसून ठेवा, दाबणीचा पाय उचला, कापड वळवा, पाय खाली. बगलेची बाजू आणि तळ उघडे ठेवा. टीप कापडाच्या अगदी कडेपर्यंत न्या, त्या इंचभर मायेवरूनही. पुढे बगल सैल करायची वेळ येईल तेव्हा मुंढ्याची कड तिथवर तयार मिळते. हा बारकावा मला कोणी सांगितला नव्हता, आणि एका फ्रॉकची बगल वाढवताना मुंढ्याला दोरे लोंबायला लागले तेव्हा समजला.

वळणांवर अर्ध्या-अर्ध्या इंचावर कट मारा, टीपेच्या दोरभर अलीकडे थांबून. पट्टीच्या टोकाचे कोपरे तिरके छाटा. योक सुलट करा, कोपरे बोथट पेन्सिलीने बाहेर काढा, सुईने नाही. इस्त्री फिरवून कडेला एक टीप मारली की अस्तर बाहेर डोकावत नाही. बगलेपाशी मात्र ही टीप थोडी अलीकडेच थांबवा, तिथे योक पुढे उघडायचा आहे. मागच्या योकचंही असंच.

बगला जोडायच्या. योकची दोन्ही अंगं पुस्तकासारखी उघडा, म्हणजे अस्तर वरच्या बाजूला पसरेल. पुढचं कापड मागच्या कापडावर, पुढचं अस्तर मागच्या अस्तरावर, आणि मधली मुंढ्याची टीप टिपेला भिडलेली. कडेपासून एक इंचावर सरळ एकच टीप, कापडाच्या तळापासून अस्तराच्या तळापर्यंत. ही माया छाटायची नाही. अस्तर पुन्हा आत पाडलं की ती दोन पदरांत लपते आणि अंगाला टोचत नाही.

घेराच्या पुढच्या तुकड्याला वरून चार इंचांवर खिसा लावा, मगच दोन तुकडे बाजूने जोडा. आधी जोडलंत तर नळीत हात घालून खिसा शिवावा लागेल. जोडण्यासाठी आधी उलट बाजू आत ठेवून पाव इंचावर टीप, कड थोडी छाटून उलटवा, मग सुलट बाजू आत घेऊन पुन्हा पाव इंचावर टीप. कापलेली कड आत बंद होते, कडा बांधायच्या इंटरलॉक मशीनसाठी शहरात जावं लागत नाही.

चुण्यांसाठी मशीनची टीप सगळ्यात लांब करा आणि घेराच्या वरच्या कडेला दोन समांतर ओळी मारा, एक पाव इंचावर, दुसरी तिच्याखाली, कडेपासून अर्ध्या इंचाला जरा कमी. एका ओळीवर भागवू नका. ती मध्येच तुटली की सगळ्या चुण्या सुटतात. घेर आणि योक दोघांनाही चार ठिकाणी खुणा करा: पुढचा मध्य, मागचा मध्य, दोन बगला. खुणा खुणांना टाचा, मग खालचे दोन्ही दोरे हळूहळू ओढा. ६४ इंचांचा घेर २८ मध्ये बसायचा आहे, सव्वादोन पट. पोटाशी थोड्या कमी आणि बगलांकडे थोड्या जास्त चुण्या लोटल्या तर बसल्यावर फ्रॉक फुगत नाही.

घेर योकच्या फक्त वरच्या कापडाला जोडा, अस्तर बाजूला धरून. शिवताना चुण्यांची बाजू वर ठेवा, म्हणजे एखादी चुणी आडवी पडली तर दिसते. मग अस्तराची तळाची कड अर्धा इंच आत दुमडून त्या टीपेवर हाताने टाका घाला. वेळ जातो, पण आत एकही उघडी कड राहत नाही. घामोळं आलेल्या पाठीला ती कड जाळते. विकतच्या स्वस्त फ्रॉकमध्ये नेमकी तीच असते.

तळाची दुमड घालायच्या आधी पोरीला घालून उभी करा. दुमड जमिनीपासून फूटपट्टीने मोजा, पाठीकडे आणि पुढे सारखी. तळाचं हेमिंग मशीनने नाही, हाताने, अंतरा-अंतराने घाला. मशीनची टीप उसवल्यावर भोकांची रांग राहते, हाताच्या टाक्यांची खूण एका धुण्यात बुजते.

पुढचे उन्हाळे

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे आपल्या पोरी बाकी महाराष्ट्राहून जास्त दिवस हे फ्रॉक वापरतात आणि जास्त दिवस उन्हात वाळवतात. रंग उडतो तो घालून कमी, तारेवर जास्त. उलटा करून सावलीत वाळत घाला. दुपारी बाहेर जायचं असेल तर उघड्या खांद्यांवर ओढणी किंवा पातळ सदरा हवाच.

पहिल्या वर्षी बंद खांद्याला लागून घट्ट बांधा. दुसऱ्या वर्षी गाठ इंचभर सैल ठेवली की मुंढा आणि उंची दोन्ही थोडी वाढतात. मग तळ सोडा, पण साडेतीन इंच एकदम नाही, दोन सोडून दीडाची दुमड ठेवा.

मागच्या चैत्रात मी धाकटीच्या फ्रॉकचा तळ उसवला. दुमडीत धुऱ्यावरच्या गवताची चार कुसळं आणि काळ्या मातीची बारीक ओळ सापडली, वर्षभराची. आणि इस्त्री केल्यावर दिसलं की आतलं कापड नवीनच होतं, गडद गुलाबी, वरचं मात्र फिकट पडलेलं. मधोमध जुन्या दुमडीची रेघ. ती रेघ धुऊन जात नाही. तिच्यावर बारीक लेस किंवा उरलेल्या कत्रणाची पट्टी लावा. गडद भाग मुद्दाम लावलेल्या काठासारखा दिसतो. म्हणून पहिल्याच वर्षी लेस घेऊन ठेवण्याऐवजी कापडाचं कत्रण जपा, तेही एखाद्या कपड्यासोबत धुण्यात टाकत जा, म्हणजे फ्रॉकबरोबर फिकं होईल.

छाती २६ झाली की बगलेची पाळी. एक इंच मायेतला अर्धा इंच सोडायचा. पुढचं-मागचं मिळून एका बगलेला एक इंच, दोन्हींना दोन, आणि २८ चा योक ३० होतो. त्यासाठी बगलेपाशी घेराचा जोड दोन्हीकडे दोन-तीन इंच उसवावा लागतो, तिथल्या चुण्या जरा पसरून पुन्हा बसवायच्या. आणि बगलेत जुनी टीप आधी उसवू नका. नवी टीप बाहेरून मारून घ्या, मगच जुनी उसवा, आणि फ्रॉक पोरीला घालून दोन्ही हात वर करायला लावा, कुठे ओढत नाही हे बघा.